आवाज न करणारी गाडी

सपनाची गोरेगावला बदली झाल्यापासून कांजूरमार्ग ते गोरेगाव रिक्षाने जाऊन येऊन तिची कंबर मोडायची पाळी आली होती. जुनी, छोटी, पेट्रोल कमी पिणारी हायब्रिड गाडी घ्यायची, असं तिनं ठरवलं. ड्रायव्हिंगही तीच शिकली. पण गाडी पारखायला तिच्या नवऱ्यानं, प्रबुद्धनं, आपल्या शिवदासकाकांना बोलावलं आणि तिथंच घोळ सुरू झाला.

काकांनी तीस वर्षं ट्रक चालवला होता. "गाडी डोळ्यानं बघायची नसती, कानानं ऐकायची," हे त्यांचं ठाम मत. महिनाभरात तीन गाड्या त्यांनी कान लावून बाद केल्या. पहिली खोकत होती, दुसरीला धाप लागत होती आणि तिसरी, काकांच्या मते, खोटं बोलत होती.

चौथी गाडी विलेपार्ल्याला, जानकी दामले नावाच्या निवृत्त शिक्षिकेची. रविवारी तिघं पोचले. दामलेबाईंनी प्रबुद्धच्या हातात किल्ली दिली.

"ब्रेक दाबून हे बटण दाबा. झाली सुरू. पाच वाजता दुसरं गिऱ्हाईक येणार आहे हं. चल गं, तुला सर्व्हिसचे कागद दाखवते," असं म्हणून त्या सपनाला दुसऱ्या मजल्यावर घेऊन गेल्या.

प्रबुद्धकडे लायसन्स होतं, पण गाडीला हात लावून आठ वर्षं झाली होती. त्यानं ब्रेक दाबला, बटण दाबलं. समोर दिवे लागले. काकांनी बॉनेटला कान लावला.

"सुरू कर की!"

"केली ना, काका."

"मग आवाज कुठाय?"

प्रबुद्धनं पुन्हा बटण दाबलं. दिवे गेले. पुन्हा दाबलं, दिवे आले. आवाज काही आला नाही. अशा गाड्या आधी बॅटरीवर चालतात आणि इंजिन गरज पडली तरच जागं होतं, हे दोघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं.

"बॅटरी मेलीय," काकांनी निदान केलं. "धक्का मारून सुरू करू. ओ वॉचमन, या जरा!"

दादू वॉचमन आला. कॅरम सोडून सोसायटीतले दोघे आले. चौघांनी जोर लावला. गाडी तसूभर हलली नाही.

"गिअरमध्ये टाक रं!" काका मागून ओरडले.

प्रबुद्धनं दांड्याजवळची इंग्रजी अक्षरं वाचली. त्यातल्या 'डी'चा अर्थ 'ढकला' असणार, असं त्याला वाटलं. त्यानं दांडा तिथं नेला.

"आता ब्रेक सोड! एक, दोन, हय्या!"

गाडी लोण्यासारखी सरकली. चौघे खूश झाले. दादूनं तर दंडही दाखवला. दहा पावलांवर दमून चौघांनी हात काढले आणि कंबरेवर ठेवले. गाडी जातच राहिली.

"बास झालं, काका! नका ढकलू!" प्रबुद्ध आतून ओरडला.

"आरं, आम्ही इकडं हाय!"

प्रबुद्धनं आरशात पाहिलं. मागं कोणीच नव्हतं. भीतीनं त्यानं दोन्ही पाय सीटवर घेतले. गाडी माणसाच्या चालीनं, शांतपणे, कंपाउंडला वळसा घालू लागली. दोरीवरची एक फुलाफुलांची चादर काचेवर आली आणि प्रबुद्धला दिसेनासं झालं.

"चावी काढ!" काका शेजारून धावत म्हणाले.

"चावी खिशातच आहे!"

"मग चालती कशी?"

तेवढ्यात जिन्यातून सपना चप्पल न घालताच धावत आली. दार उघडून तिनं प्रबुद्धला ढकललं, अर्धी आत शिरली आणि ब्रेक दाबला. गाडी सेक्रेटरींच्या तुळशीच्या कुंडीपासून वीतभर अंतरावर थांबली.

"सरक तिकडे," ती दम खात म्हणाली. "काय रे हे?"

नेमकं तेव्हाच इंजिन आपोआप गुरगुरलं. बॉनेटवर टेकलेले काका हातभर उडाले.

दामलेबाई खाली आल्या. त्यांनी सगळं गॅलरीतून पाहिलं होतं. तिघं मान खाली घालून उभे राहिले. "पाचच्या माणसाला मी फोन केलाय," त्या म्हणाल्या.

सपनाचा चेहरा पडला. "मॅडम, माफ करा. आम्ही निघतो."

"अगं, त्याला येऊ नको म्हणाले मी. आतापर्यंत पाच जण आले. प्रत्येकानं मलाच माझी गाडी समजावून सांगितली. एक तर म्हणाला, बाई चालवत होत्या, म्हणजे किंमत कमी करा! सोळा वर्षं गाड्या चालवतेय मी. आता डोळे साथ देत नाहीत म्हणून विकायची." त्यांनी चादर काचेवरून ओढून घडी केली. "तू अनवाणी धावलीस आणि आधी ब्रेक शोधलास, आरडाओरडा नाही केलास. गाडी तुझ्या नावावर होणार असेल तर देते. बस, एक चक्कर मार. मी शेजारी बसते."

"आणि आम्ही?" प्रबुद्धनं विचारलं.

"मागे. हात मांडीवर."

सपनानं बाईंना पार्ल्याच्या गल्ल्यांतून नीट फिरवून आणलं. एकदा बाई म्हणाल्या, "हॉर्न कशाला वाजवलास?" मग त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. परत आल्यावर त्यांनी डॅशबोर्डवरून एकदा पदर फिरवला आणि कागद सपनाच्या हातात दिले.

आठवड्यानं गाडी कांजूरमार्गला निघाली तेव्हा काका मागच्या सीटवर पट्टा लावून गावाकडं फोनवर बोलत होते.

"घेतली बाबा एकदाची. मीच निवडली. आवाज? आवाजाला काय करायचंय? विकणारा माणूस बघायचा असतो, येड्या!"

आरशातून सपनाची नजर त्यांच्यावर पडली. काकांनी आवाज खाली आणला.

"बरं ऐक, ठेवतो. ड्रायव्हर बघतीय."