रामटेके गुरुजी करून पाहतात

रामटेके गुरुजींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते शाळेच्या खिडकीचा गज चाटत होते. शेजारी एक मुलगा दुसरा गज चाटत होता. मला वाटलं, हा इथला थोराड विद्यार्थी असेल. तेवढ्यात त्या थोराड विद्यार्थ्यानं रुमालानं तोंड पुसलं आणि मला हात जोडले.

"मी रामटेके. इथी मास्तर आहो. सकाळी लोखंड मस्त थंड लागते, भाऊ. हा काऊन चाटते ते आज समजलं."

मी मनात म्हटलं, केवळराम, पोरगी घे आणि आल्या पावली परत फिर.

मी बैलबाजारातला दलाल. बाप लोकांच्या धानाच्या बांधीत राबला; मी दोन हात आणि एक दुपट्टा एवढ्यावर विटांचं घर बांधलं. बैलाचा दात आणि माणसाचा डोळा पाहून मी भाव सांगतो, आणि गुरुजींचा भाव मी त्या दिवशी फार खाली धरला होता.

ऐंशी सालानंतरच्या वर्षांतली ही गोष्ट. ब्रह्मपुरीला मतिमंद मुलांची एक निवासी शाळा होती. तेव्हा शब्द तोच होता. माझी शेवंता नऊ वर्षांची. बोलत नाही, पण समजतं सगळं, असं मी म्हणायचो आणि लोक मान हलवायचे. तिची माय धानाच्या रोवणीला गेली की पोरगी नाल्याकडे निघायची, म्हणून मी तिला लहानपणापासून बाजारात नेत असे. माझ्या मांडीला टेकून ती दिवसभर बसे. पण पोरगी वाढत होती. बैलांच्या पायांत तिला किती दिवस बसवणार? शाळेत घातली.

तर हे गुरुजी. नागपूरला शिकून आले होते. तिथं त्यांना शिकवलं होतं, मूल विचित्र वागलं तर त्याच्या आधी काय घडलं ते पाहा, नंतर काय घडलं तेही पाहा. "ते ठीक हाये," गुरुजी म्हणत, "पण मधात त्याले काय वाटते, ते करून पाह्यल्याबिगर कसं समजन?" मग मूल गोल फिरलं की गुरुजी गोल फिरत. मूल बाकाखाली बसलं की गुरुजी बाकाखाली. "थांबा भाऊ, करून पाहू," हे त्यांचं पालुपद. एकदा चंद्रपूरहून एक साहेब शाळा पाहायला आले. त्यांनी बाकाखालच्या गुरुजींच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बिस्किट दिलं. गुरुजींनी ते खाल्लं. नंतर मुख्य बाईंनी ओळख करून दिली तेव्हा साहेबच लाजले; गुरुजी म्हणाले, "चांगलं होतं, साहेब. मले समजलं पोट्टे तुमच्या मागं काऊन लागतात."

गावात त्यांना कोणी गंभीरपणे घेत नसे. सांगितल्या भावाला वांगी घेणारा माणूस! त्यांच्याबरोबर बाजारात चालताना मला लाज वाटे.

शेवंताची शाळा सुरू होऊन दोन महिने झाले आणि मला बोलावणं आलं. मुख्य बाई खुर्चीत बसल्या होत्या. त्यांच्या टेबलाशी मुलांना जेवण वाढणाऱ्या सखूबाई स्वतःचा हात धरून उभ्या. हातावर दातांचे वण.

"तुमची मुलगी जेवताना वाढणारीचा हात धरते, फ्रॉकखाली ओढते, बोटं पिरगाळते आणि मग चावते," बाई म्हणाल्या. "रोज. इतर मुलांना धोका आहे. सोमवारी घेऊन जा. हे घरचं वळण दिसतं."

घरचं वळण! ते दोन शब्द मला अजून बोचतात. मी असा आवाज चढवला की बाहेरचा शिपाई आत आला. पण आवाजानं काही मिळत नाही, हे दलालाला कोणी सांगायला नको. घरी नेलं तर पोरीला बाहेरून कडी लावून ठेवावं लागणार, हे मला दिसत होतं. तिच्या मायनं तसं करणाऱ्या लोकांची घरं पाहिली होती.

बाहेर गुरुजी भेटले. त्यांच्याही हातावर वण.

"मी आठ दिवसांपासून एक वेळ सखूबाईच्या जागी वाढतो," ते म्हणाले. "माह्याही हात ओढते. पण केवळभाऊ, एक गोष्ट हाये. ते एकच बोट धरते. दुसऱ्याले हात लावत नाई. काऊन?"

"मले काय विचारता? तुम्ही नागपूरले शिकले न!"

"घरी कोनाचं बोट धरते?"

"माहं धरते. बाजारात बसली की."

"मंग मी बाजारात येतो," गुरुजी म्हणाले.

ज्यांनी बैलबाजार पाहिला नाही त्यांना सांगतो. आमच्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा एकमेकांचा हात दुपट्ट्याखाली धरतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात; एक बोट म्हणजे एक, अख्खा पंजा म्हणजे पाच. वरून पाहणाऱ्याला काही कळत नाही. भाव पटला नाही तर हात झटकायचा, पटला तर तळहातावर थाप मारायची.

बाजाराच्या दिवशी गुरुजी आले आणि माझ्या पोत्यावर येऊन बसले. सिंदेवाहीकडच्या एका म्हाताऱ्याचा पांढरा बैल मी एका गिऱ्हाईकासाठी पाहत होतो. म्हातारा चिवट. दुपट्ट्याखाली आमची बोटं भांडत होती आणि सौदा अगदी तोंडाशी आला होता. तेवढ्यात कानाशी आवाज आला, "थांबा भाऊ, करून पाहू." आणि माझा हात बाजूला सारून या माणसानं आपला हात दुपट्ट्यात घातला!

म्हाताऱ्याचं एक बोट त्यांनी दाबलं. म्हाताऱ्यानं हात झटकला.

"झटकला म्हंजे काय, भाऊ?" गुरुजींनी मला विचारलं.

"म्हंजे पटलं नाई. पुढं बोल. आता उठा तिथून!"

"आन् माह्याजवळ पुढं बोलाले काही नसन त?"

"त तेच बोट आणखी पक्कं धरा! उठा म्हणतो न!"

गुरुजींचं तोंड उघडंच राहिलं. "केवळभाऊ," ते ओरडले, "पोरगी चावत नाई जी! सौदा करते! ते एक बोट धरते, सखूबाई हात झटकते. म्हंजे सखूबाई तिले रोज म्हणते, पुढं बोल, पुढं बोल! मंग ते पक्कं धरते. हातानं जमलं नाई त दातानं!"

आणि त्या आनंदात त्यांनी म्हाताऱ्याचा अख्खा पंजा गच्च दाबला. म्हाताऱ्यानं ताडकन थाप मारली. "झाला सौदा!" आणि कासरा गुरुजींच्या हातात.

बैल गुरुजींना ओढत बाजाराच्या टोकाच्या चिंचेपर्यंत घेऊन गेला. मी म्हाताऱ्याशी दुपारभर भांडलो, शिव्या दिल्या, शिव्या खाल्ल्या, आणि सौदा मोडला. गिऱ्हाईक केव्हाच निघून गेलं होतं. गुरुजी बैलाची मान खाजवत विचारत होते, "पण एक म्हंजे काय? एक काय मांगत असन?"

सोमवारी दुपारी आम्ही सगळे जेवणाच्या पडवीत. शेवंताचं गाठोडं मी दाराशी बांधून ठेवलेलं. गुरुजी मुख्य बाईंना म्हणाले, "बाई, आज तुम्ही वाढा. हात पदराखाली द्या. काही झालं तरी झटकू नका."

"आणि चावली तर?"

"त मले चावा."

बाईंनी भात वाढला. वरणाची पळी उचलली. शेवंतानं त्यांचा दुसरा हात पदराखाली ओढला. बाईंचा चेहरा पांढरा पडला, पण हात त्यांनी तसाच ठेवला, हे मी कबूल करतो. एक पळी वरण पडलं. सवयीनं बाई दुसरी भरायला गेल्या, तशी शेवंतानं बोट दाबलं.

"एक," गुरुजी हळूच म्हणाले. "बाई, एकच पळी. तिले कोरडा भात आवडते. आपण रोज दोन टाकतो."

बाईंनी पळी खाली ठेवली. पदराखालचा हात उताणा केला. माझी पोरगी आयुष्यात पहिल्यांदा शाळेत हसली आणि तिनं बाईंच्या तळहातावर थाप मारली. मग खाली मान घालून जेवू लागली.

माझा जीव भांड्यात पडला. सखूबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "एवढंच होतं व, माय? सांगाचं नाई का मले?" बाई गाठोड्याकडे पाहून म्हणाल्या, "ते आत ठेवा." आणि लगेच, "म्हणजे शेवटी घरचंच वळण निघालं की!"

मी गाठोडं उचलून आत ठेवलं. त्या दोन शब्दांचा राग वेगळा.

संध्याकाळच्या मोटरनं निघण्याआधी मी गुरुजींना शोधत शाळेच्या मागं गेलो. आभार मानणं मला जमत नाही, तरी दोन वाक्यं जुळवली होती. गुरुजी विहिरीच्या कट्ट्यावर एकटे बसले होते आणि तळहातानं आपल्या कानावर मारत होते. थांबून पुन्हा.

"आता हे कोनाचं?" मी म्हटलं. "असं करणारं लेकरू मी इथी पाह्यलं नाई."

"नाई आता ते इथी," गुरुजी म्हणाले. "पारबता होती. मागच्या साली तिच्या बापानं नेली. दिवसभर कानावर मारे. डाक्टरले दाखवलं, कान चांगले निघाले. मी तिच्याजवळ बसून पावसाळाभर असंच केलं. मले नाई समजलं, भाऊ."

"मंग आता काऊन करता?"

"आरमोरीची मोटर रोज दारावरून जाते. बसलो त घंटाभरात तिच्या घरी. पण जाऊन सांगाले काही पाह्यजे न."

जुळवलेली दोन वाक्यं मी विसरलो. मोटर येऊन गेली असावी. मी कट्ट्यावर त्यांच्या शेजारी बसलो, दुपट्टा मांडीवर ठेवला आणि आपल्या कानावर एक चापट मारली.

"असं नाई, केवळभाऊ," गुरुजी म्हणाले. "ते हळू मारे."