इंगोले मिस्त्री आणि माझं डोकं

इंगोले मिस्त्री दिवसभर बोलत नसत, कारण तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा असे. राग अनावर झाला की ते वर्कशॉपच्या दारात जाऊन खर्रा थुंकत आणि मग बोलत. त्यामुळे मिस्त्री दाराकडे चालायला लागले की आमचे पोट्टे ग्राइंडर बंद करून मागच्या दाराने सटकायचे. मी नाही सटकायची. मलाही तेवढाच राग यायचा, आणि माझ्या तोंडात काही नसायचं.

यवतमाळच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ते वेल्डिंग शिकवायचे. त्याआधी बरीच वर्षं त्यांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधल्या होत्या. त्यांना ‘सर’ म्हणायची सोय नव्हती. सर पंख्याखाली बसते, मी मिस्तरी आहो, असं त्यांचं म्हणणं.

दरवर्षी आम्ही पंधराएक जण मिळून खड्ड्या-चिखलातून पळणारी एक गाडी बांधायचो आणि मध्य प्रदेशात स्पर्धेला न्यायचो. एक सीट, लहानसं इंजिन, आणि गाडी उलटली तरी माणूस वाचावा म्हणून ड्रायव्हरभोवती लोखंडी पाइपांचा पिंजरा. या पिंजऱ्यापायी मिस्त्रींनी आमचा जीव खाल्ला. जोड वेल्ड करून दाखवला की ते हातोडीचा एक ठोका मारायचे, कान द्यायचे आणि खिशातल्या खडूने त्यावर फुली काढायचे. फुली म्हणजे काप आणि पुन्हा कर. एका जोडावर मी पाच फुल्या खाल्ल्या. सहाव्या वेळी विचारलं, आता याला काय झालं? मिस्त्री दारात जाऊन आले.

“याच्यात माणूस बसवून राह्यली का सोयाबीनचं पोतं?”

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मनातल्या मनात त्यांचा उद्धार करत मी जोड कापला.

त्या पिंजऱ्यात बसणारं माणूस म्हणजे मीच होते. घाटंजीकडच्या आमच्या शेतात मी आठवीपासून ट्रॅक्टर चालवायची. कॉलेजात ड्रायव्हरची निवड झाली तेव्हा नाल्याच्या उतारावर सगळ्यांत कमी वेळ माझा लागला होता. दोन वर्षं मी याच सीटसाठी हातपाय काळे केले होते. अडचण एकच, माझी उंची पावणेसहा फूट. घरी तर ही उंची म्हणजे संकटच होतं. पाहुणे आले की मावशी म्हणायची, तू आपली बसूनच राह्य. मी म्हटलं, बरं, गाडीत बसते.

स्पर्धेला आठ दिवस उरले आणि हेल्मेट आलं. ते घालून मी फोटोसाठी सीटवर बसले तर वरचा पाइप डोक्याला टेकायला आला. नियम असा की हेल्मेट आणि पाइप यांच्यात वीतभर तरी जागा हवी, नाहीतर तपासणीतच गाडी बाद. आमचा कॅप्टन प्रतीक यानं माझं माप घेतलं होतं ते मला फरशीवर बसवून. सीटचा फोम आणि हेल्मेट, दोन्ही पंधरा भावी इंजिनिअरांच्या हिशोबात आले नव्हते.

चूक त्याची, पण तोडगा त्यानं दहा मिनिटांत काढला. आपल्यातला संकेत बुटका आहे, तो बसेल. मी स्पर्धेत स्टेजवर परीक्षकांना गाडीची माहिती सांगायची, कारण माझं इंग्रजी चांगलं. संकेतनं जन्मात वडिलांच्या स्कूटीपलीकडे काही चालवलं नव्हतं. मी खूप भांडले. शेवटी प्रतीक म्हणाला की तुझी उंची काही आम्ही वाढवली नाही. बाकीचे खाली बघत राहिले. त्यांच्या त्या खाली बघण्याचाच मला जास्त संताप आला.

मी तरातरा मिस्त्रींकडे गेले. ते लेथ मशीनच्या बाजूला एकटेच भाकर आणि जवसाची चटणी खात बसले होते. मी सगळं ओकले. त्यांनी भाकर संपवली, डबा धुतला, खर्रा तोंडात टाकला आणि हातोडी शोधायला निघून गेले. हा माणूस दगड आहे, असं मी त्या दिवशी ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्कशॉप उघडलं तर पिंजऱ्याचा वरचा भाग कापून खाली ठेवलेला. सगळे पक्के जोड, ज्यांवर आमचे तीन महिने गेले होते. प्रतीक किंचाळला. विभागप्रमुख धावत आले, कोणाच्या परवानगीनं हे केलं, मी तुम्हाला लेखी नोटीस देतो म्हणाले. मिस्त्री सावकाश दारापर्यंत गेले आणि सावकाश परत आले.

“नोटीस द्या, घेतो. पण साहेब, पाइप कमी पडला त पाइप कापा लागते. पोरीले नाई कापत.”

मग प्रतीककडे वळून म्हणाले, “अन् तू. पयले माणूस मोजा लागते, मंग लोखंड. तू लोखंड करून माणूस धुंडून राह्यला.”

मी तिथेच रडले, आणि रडल्याचा राग आला म्हणून आणखी रडले. मिस्त्रींनी माझ्या हातात ग्राइंडर दिला. रडाचं असन त मागं जाऊन रड, इथं पाइपावर पाणी नको पाडू, म्हणाले. पुढचे चार दिवस त्यांनी मला हेल्मेट घालून, सीटवर पट्टा बांधून बसवलं आणि उभे पाइप नव्याने लांब घेतले. फुल्या तशाच चालू होत्या. या वेळी त्या स्वतःच्या जोडांवरही पडत होत्या.

तपासणी पार पडली. स्पर्धेला मिस्त्री नव्हते, ते कधीच नसत. संघाबरोबर प्राध्यापक जातात. मी चार तास गाडी चालवली, एकदा आडवी पाडली, सरळ करून पुन्हा चालवली. नंबर कुठेतरी मधला आला, पण गाडी शेवटपर्यंत पळाली. मैदानातूनच, घामाच्या कपड्यांनी, मी मिस्त्रींना फोन लावला. नंबर किती आला ते सांगायला तोंड उघडलं, तर ते मध्येच म्हणाले,

“डोकं लागलं का वं, वर?”

नाही म्हटलं. गाडी पडली तेव्हाही नाही.

त्यांच्या मागे पत्र्यावर कबुतरं घुमल्याचा आवाज येत होता. म्हणजे ते वर्कशॉपमध्ये होते. रविवार होता, कॉलेज बंद. मी विचारलं, मिस्त्री, आज तुम्ही तिथे काहून?

“तुहा फोन येईन म्हनून इथंच बसलो. घरी बसून तरी काय, तिथं आयकाले दुसरं कोन हाय?” मग म्हणाले, “गाडी पळताना मी कधी पाह्यलीच नाई ना वं. पयल्यापासून सांग. सावकाश सांग.”