हरीनाना आणि हात धुवायचा स्लॅब

माणसांशी भांडणारे गुत्तेदार, म्हणजे कंत्राटदार, मी नोकरीत पुष्कळ पाहिले. कागदाशी भांडणारे एकच, आमचे हरीनाना. सरकारी पत्र हातात आलं की ते आधी साइटवरच्या बाभळीला खिळ्याने ठोकायचं, दोन पावलं मागे सरायचं, धोतराचा सोगा कमरेला खोचायचा आणि त्या कागदाला मोठ्याने जाब विचारायचा, हा त्यांचा शिरस्ता. "कावून? कावून बे?" म्हणजे का रे, कशासाठी? पत्रावर कार्यकारी अभियंत्यांची सही असली तरी 'बे' ठरलेलं. मग सुताराच्या चपट्या तांबड्या पेन्सिलीने त्या त्या ओळीशेजारी 'कावून?' लिहायचं आणि मधोमध खिळ्याचं भोक पडलेला तो कागद मला परत द्यायचा. वरिष्ठ मला विचारायचे, हे काय आहे? मी सांगायचो, पोच आहे.

मी तेव्हा केज तालुक्यात कनिष्ठ अभियंता होतो. एका गावात आरोग्य केंद्राची वाढीव इमारत चालली होती आणि काम हरीनानांच्या मजूर सहकारी संस्थेकडे होतं. मजूर संस्था म्हणजे काय ते आमच्याकडच्या लोकांना सांगायला नको. बहुतेक ठिकाणी मजूर कागदावर आणि चेअरमन गाडीत. नानांचे सभासद मात्र खरोखर पाट्या उचलायचे. सहा महिने ऊसतोडीला, उरलेले सहा महिने नानांकडे. चेअरमन स्वतः साइटवर पत्र्याच्या खोलीत राहायचे. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून शिव्या सुरू करायचे आणि दुपारी सगळ्यांच्या मधे बसून भाकरी खायचे. घर युसूफ वडगावला होतं, पण तिथे ते फक्त मतदानाला जात असावेत.

"घरी काय हाय?" असं एकदा माझ्यावरच खेकसले होते. "बायकू गेली. पोरगं पुन्याला. भिंतीसंगं बोलू का?"

मग कोरोना आला. कामं बंद पडली, आणि महिन्याभराने, इमारत आरोग्याची म्हणून आमच्या कामाला परवानगी मिळाली. सोबत आल्या शासकीय बांधकामावरील कंत्राटदारांसाठी मार्गदर्शक सूचना. चांगली सात पानं.

खरं सांगतो, वाचून माझंच डोकं फिरलं. प्रत्येक कामगाराने दर तासाला वाहत्या पाण्याखाली वीस सेकंद हात धुवावेत! दोन पावसाळे कोरडे गेले होते. गावाला टँकर तिसऱ्या दिवशी यायचा आणि तो दिसला की बायका अंतर-बिंतर विसरून हंड्यांसकट धावायच्या. वाहतं पाणी त्या गावात टँकरच्या पाइपातच काय ते दिसायचं. मी वरिष्ठांना फोन करून हे सांगितलं. ते म्हणाले, "पालन झालं असं लिहा आणि फोटो पाठवा." पाणी कुठून आणायचं, यावर त्यांचं काहीच म्हणणं नव्हतं. आजाराची भीती मलाही होती. माझ्या घरात म्हातारी आई होती. पण ज्याने हे लिहिलं त्याला एकदा आमच्या बाभळीखाली उभं करावं, असं फार वाटलं.

ते काम नानांनी केलं. सातही पानं ठोकली आणि सुरू झाले.

"'दोन कामगारांत सहा फूट अंतर ठेवावे.' कावून? आन् माल भरलेली पाटी काय उडत जाईल का बे? 'अंगात ताप असल्यास कामावर घेऊ नये.' बरं! लावा ती बंदूक!"

कपाळावर रोखायची ती तापमापक बंदूक मी लावली. मे महिना, दुपारची वेळ. सगळ्याच मजुरांना ताप निघाला. नानांनी ती माझ्या हातातून हिसकावली आणि घमेल्यावर रोखली.

"हे बगा सायेब! घमेलं तर मरायलाच टेकलं! न्या अंबाजोगाईच्या दवाखान्यात!"

मजूर हसले. मला हसता येईना, कारण फोटो मला पाठवायचे होते.

तरी एक सांगायला हवं. नाना ओरडायचे, पण मास्क न लावलेल्या माणसाला साइटवर पाय ठेवू द्यायचे नाहीत. सगळ्यांना मास्क त्यांनीच शिवून आणले होते, सिमेंटच्या गोणीएवढ्या जाड कापडाचे.

स्लॅब टाकून झाला आणि खरी पंचाईत झाली. नव्या स्लॅबवर निदान दोन आठवडे पाणी साचवून ठेवावं लागतं, नाहीतर तो तडकतो. त्यासाठी वर सिमेंट-वाळूच्या मसाल्याचे बांध घालून वाफे करतात. टँकरवाला आम्हाला देईल त्या पाण्यात एक तर स्लॅब भिजणार, नाहीतर हात धुतले जाणार. दोन दिवसांनी मी साइटवर गेलो तर खाली कोणीच नाही. वर पाहिलं. सगळे मजूर स्लॅबवर सहा-सहा फुटांवर ओळीने उभे, हात पुढे केलेले. कौसाबाई तांब्याने एकेकाच्या हातावर बारीक धार धरते आहे, खणखणीत आवाजात वीस आकडे मोजते आहे, आणि हातावरचं सगळं पाणी खाली वाफ्यात पडतं आहे. ही कौसाबाई म्हणजे संस्थेची सगळ्यात जुनी सभासद, नानांच्या खालोखाल तिचाच शब्द चालायचा.

"एका पान्यात दोन कामं!" नाना वरून ओरडले. "तुमचा कागद बी खूश, सिलॅप बी खूश!"

मी वर चढलो. वाफ्यांत पांढराशुभ्र फेस तरंगत होता.

"नाना, हे साबणाचं पाणी आहे! हे काँक्रीटला चालत नाही!"

"कावून? मानसाला चालतंय, सिलॅपाला चालत न्हाई? लई लाडाचा हाय का त्यो?"

माझा तोल गेला. त्या रागातला अर्धा वरिष्ठांवरचा होता, पण ते बीडला पंख्याखाली बसले होते आणि नाना समोर होते. मी तडक खाली उतरलो, बाभळीवर अजून ठोकलेलाच असलेला कागद ओरबाडून काढला आणि बारावं कलम मोठ्याने वाचलं. साठ वर्षांवरील कोणतीही व्यक्ती कामाच्या ठिकाणी नसावी.

"नाना, तुमचं वय काय?"

तोवर नाना आणि मागोमाग सगळे खाली उतरले होते. संस्थेच्या कागदांवर मी पाहिलं होतं, सहासष्ट.

"आज साइट सोडायची. नाहीतर मी काम बंद करायचा अहवाल देतो."

मला वाटलं आता आभाळ कोसळेल. नानांनी कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ते सरळ खोलीत गेले. एक वळकटी, एक पिशवी. किल्ल्या कौसाबाईपाशी दिल्या आणि मोटारसायकलला किक मारून निघाले.

कौसाबाई माझ्याजवळ आली. "सायेब, तितं कोन हाय त्यांना?"

"नियम आहे," मी म्हणालो. याहून हलकट उत्तर मी आयुष्यात कुणाला दिलेलं नाही.

मग सगळं सुरळीत झालं. टँकरसाठी मी सरपंचांच्या दारात तीन दिवस बसलो आणि स्लॅबला साधं पाणी मिळालं. फोटो गेले. वाद नाही, ओरडा नाही. साइटवर जावंसंच वाटेना.

आठवड्याने जेवायच्या सुट्टीत पोचलो. जमिनीवर पांढऱ्या फक्कीने गोल आखले होते आणि एकेका गोलात एकेक जण भाकरी खात होता. मधल्या गोलात मात्र माणूस नव्हता. तिथे एक वीट होती, विटेवर फोन, आणि उन्हाने तापू नये म्हणून त्यावर घमेल्याची तिरपी सावली.

मी लगेच भडकलो. "कामावर फोन कशाला? कोणाचा आहे हा?"

"हळू बोला," कौसाबाई म्हणाली. "नाना हायती त्याच्यात. जेवायलेत."

"काय?"

"गेल्यापासून रोज. कामाचं कायबी पुसत न्हाईती. आमी आपलं आमचं बोलत बसतो, ते तिकडं जेवतेत."

मी खाली वाकलो. फोनमधून तांब्या ठेवल्याचा आवाज आला, मग ताट सरकल्याचा. एका माणसाचं जेवण इतकं स्पष्ट ऐकू यावं, इतकं ते घर रिकामं होतं. मला माझीच लाज वाटली.

"नाना," मी म्हणालो, "मी आलोय."

पलीकडून एकदम गर्जना. "गोलात हाव का गोलाबाहेर?"

"बाहेर."

"मंग आत बसा बे सायेब! उगं लोकायच्या अंगावर उभं ऱ्हाता! कौसे, सायबाला ठेचा दे. लांबून दे!"

मी डबा आणला आणि फोनशेजारी, नानांच्या गोलात मांडी घालून बसलो. कौसाबाईच्या शेळीला दोन करडं झाली, त्यावर सगळे बोलत होते. मी डबा बंद केला, तेव्हा तो आवाज नानांनी ऐकला असावा.

"सायेब," ते म्हणाले. "उद्या बी येता का? ह्याच टायमाला?"

इतकं हळू त्यांना बोलता येतं, हे मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी माझी फेरी पार दुसऱ्या बाजूला, लिंबागणेशकडे होती.

"येतो," मी म्हणालो.