वरच्या कप्प्याचे वय

नियमाने चालणाऱ्याचे केस कधी पिकत नाहीत, असे युनूस मास्तर छातीठोकपणे सांगत. त्यामुळे सन एकोणसाठच्या श्रावणात परिपत्रक आले, तेव्हा दारव्ह्याजवळच्या त्या तांड्यावरच्या शाळेत आनंद झाला तो एकट्या त्यांनाच. शाळेचे ग्रंथालय म्हणजे एक सागवानी कपाट. परिपत्रकाप्रमाणे आता चौदा वर्षांखालील विद्यार्थ्यांना खालचा कप्पा, त्यावरील वयाच्यांना वरचा. कुचराई दिसल्यास कपाट पुसदच्या शाळेकडे जाईल!

"वयाची भानगडच नाही. रजिस्टर आहे!" मास्तर म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी सातवीतला खेमसिंग समोर उभा राहिला. ओठावर भरघोस मिशी, घरी बायको, रानात आठ एकर कपाशी.

"मास्तर, पऱ्हाटीले अळी लागली. वरचं ते किडीचं पुस्तक द्या. चार दिवसांत वावर साफ होते!"

मास्तरांनी रजिस्टर उघडले. "वय बारा."

"माह्यं?"

"तुझंच. खालच्या कप्प्यातली कोल्ह्याची गोष्ट ने."

"कोल्हा अळ्या खाते का?"

खेमसिंग तडक आईला घेऊन आला. बसंतीबाईंनी पदर खोचला. "टोळधाड आलती त्या साली जलमला हा! बाराचा असन तर याची बायको काय बाहुली हाये?"

घोळ जुन्या हेडमास्तरांचा होता. पहिलीत नाव घालताना डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता आला, की वय सहा! खेमसिंगचा हात कानाखाली खांद्यापर्यंत पोचला होता, तरी सहाच. त्या हिशेबाने सातवीपर्यंत कुणीच बाराच्या पुढे नव्हते. वरच्या कप्प्याला पात्र असा वाचक शाळेत शोधूनही सापडेना!

बातमी फुटली आणि सारा तांडा वये दुरुस्त करायला लोटला. कुणी लाल गाय मेली ते साल सांगे, कुणी विहीर ढासळली ते. वरून मंजुरी येईपर्यंत म्हणून मास्तर पेन्सिलीने लिहीत गेले. दुपारपर्यंत दोन सख्ख्या भावांत चार महिन्यांचे अंतर पडले!

नेमके तेव्हाच डिप्टीसाहेब तपासणीला उगवले.

"पेन्सिलीनं? ही वयं आहेत की भाजीचे भाव? उद्या सकाळी कपाट गाडीत चढवा!"

"आन माही पऱ्हाटी?" खेमसिंगने विचारले. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलेही नाही.

एवढ्याने मात्र युनूस मास्तरांचे डोके फिरले. "सकाळी ना, साहेब? तोवर किल्ली माझ्याकडे आहे."

साहेब विश्रामगृहावर गेले आणि मास्तरांनी दोन्ही कप्पे सताड उघडले. "घ्या रे! ज्याला जे हवं ते!"

सकाळी चार गडी आले. पहिल्या दोघांनीच कपाट उचलले, तेही एकेका हाताने.

"पुस्तकं कुठं आहेत?" साहेब ओरडले.

"वाटली. मुदत पंधरा दिवस. मुदतीआधी परत मागायचा नियम नाही, साहेब! रिकामं कपाट खुशाल न्या."

साहेबांनी खरोखरच नेले.

आठवड्याने खेमसिंग आला. पऱ्हाटी सावरली होती. त्याने पुस्तक पुढे केले, मग रिकाम्या भिंतीकडे पाहिले.

"मास्तर, ठेवू कुठं?"

याचा विचार मास्तरांनी केलाच नव्हता.

"परत कशाला आणतोस? पुढच्याला दे!" ते कडाडले, आणि एवढ्या मोठ्याने कडाडले, की बेत आधीपासूनच ठरला होता असे त्यांचे त्यांनाच वाटू लागले.