परीक्षक क्रमांक दोन

तुम्हाला म्हणून सांगतो, शेळ्यामेंढ्यांना घालायच्या हाकांवर अधिकारवाणीने बोलणारा माझ्यासारखा माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात सापडायचा नाही! मी कॉलेजात मराठी शिकवतो. या हाकांवर मी असा काही शोधनिबंध लिहिला होता, की तो छापून येताच विभागप्रमुखाची खुर्ची आपल्या पायांनी चालत माझ्याखाली येणार होती. प्राचार्यांनी बजावलंच होतं, "संशोधनपत्रिकेत एक तरी निबंध येऊ द्या. नाहीतर खुर्ची सोमेश्वरला." हा सोमेश्वर माझाच विद्यार्थी. त्याला निबंध लिहायला मी शिकवलं!

निबंध पत्रिकेच्या पोर्टलवर चढवायचा होता. अशा किरकोळ कामात विद्वानांनी डोकं घालू नये, म्हणून मी वारंगा फाट्यावर धर्मसिंगकडे गेलो. त्याचं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. पीकविमा असो, जातीचा दाखला असो, सगळे अर्ज तो एकाच पद्धतीने भरतो. मी समोर बसलो. हिवाळ्याचं कोवळं ऊन पायावर आलं होतं. रस्त्यापलीकडून मेंढ्यांचा कळप संथ चालला होता आणि त्याच्या सोनेरी धुळीत मला माझा सत्कार स्पष्ट दिसू लागला. मंडप, हार, सनई!

"सर, परीक्षक सुचवा म्हनून राहिला हा," धर्मसिंग म्हणाला. "दोन नावं मागतो."

"हं."

"नॉमिनीसारखं असंल. कोनाचं टाकू?"

"बायकोचं टाक." माझ्या खांद्यावर तेव्हा शाल पडत होती.

"आन् दुसरं?"

"सासऱ्यांचं."

"अनुभव किती, इचारून राहिला."

"कुणाला, मसाजीबाबांना? शिरड शहापुरात विचार! जन्म गेला मेंढ्यांत!"

"बराबर," म्हणत धर्मसिंगने बटण दाबलं. दोघांचेही मोबाईल नंबर त्याच्याकडे होतेच. आणि मी? मी श्रीफळ स्वीकारत होतो.

मग माझे फार गोड दिवस सुरू झाले. पोर्टल उघडावं तर तिथे लिहिलेलं, 'संपादकांकडे'. काही दिवसांनी झालं, 'परीक्षणासाठी पाठवले'. अहाहा! त्या दोन शब्दांकडे बघत माझ्या दुपारच्या दुपारी तरंगत जायच्या. डोळ्यांसमोर उंच खिडक्यांचं ग्रंथालय यायचं. तिथे पांढऱ्या केसांचे दोन विद्वान माझ्या निबंधाचं पान उलटायचे आणि एकमेकांकडे बघून मान डोलवायचे. "अहो, दळण!" असं कुणीतरी लांबून म्हणायचं, पण ग्रंथालयात दळण कुठून येणार?

दळण म्हणणारी अर्थात माझी बायको, सत्यशीला. तीही हल्ली मोबाईलमध्ये मान घालून बसायची. विचारलं तर म्हणायची, "काम आलंय मला." बचत गटाचं असेल, असं मला वाटलं.

एके दिवशी संपादकांचा निरोप आला. 'लेखक महोदय, परीक्षकांचे अभिप्राय सोबत जोडले आहेत. परीक्षकांची नावे गुप्त असतात. त्यांच्याशी थेट संपर्क साधू नये. प्रत्येक मुद्द्याला पोर्टलवरूनच उत्तर द्यावे.'

परीक्षक क्रमांक एक यांनी लिहिलं होतं, 'माणूस सोन्यासारखा आहे. छापून टाका.' किती थोर मनाचा विद्वान! मला गहिवरून आलं.

परीक्षक क्रमांक दोन यांनी मात्र माझी चामडी सोलली होती! 'लेखकाने दुसऱ्याच्या ओसरीवर चहा पीत हाका ऐकल्या आहेत. स्वतः एक शेळी कधी बांधलेली नाही. एकच गोष्ट तीनदा सांगितल्याशिवाय लेखकाच्या डोक्यात शिरत नाही, असे पान चारवरून दिसते. लेखक लिहितो की मेंढपाळ प्रत्येक शेळीला तिच्या नावाने हाक मारतो. मग ज्या घरात शेळीला नाव आहे आणि बायकोला नुसतं "अगं" आहे, त्या घराचा अभ्यास लेखकाने का केला नाही?'

मी तणतणत स्वयंपाकघरात गेलो. सत्यशीला भाकरी थापत होती. सगळं तिला मोठ्याने वाचून दाखवलं.

"बघितलंस अगं? कोण हा खडूस म्हातारा!"

"म्हातारा काहून?"

"भाषा बघ की! बायकोनं घराबाहेर काढलेला असणार!"

परातीत अशी थाप पडली की भाकरीच्या आरपार परात वाजली.

"मला तर समदं बराबर वाटून राहिलं," ती म्हणाली.

"तुला त्यातलं काय कळतंय!" एवढं बोलून मी बाणेदारपणे पोर्टलवर उत्तर ठोकलं, 'परीक्षक दोन यांना विषयाचे आकलन नाही.' त्या दिवशी जेवणात मीठ नव्हतं. पण संशोधकाने अशा गोष्टींकडे लक्ष देऊ नये.

संपादकांचा दुसरा निरोप आला. 'परीक्षक दोन आपल्या मतावर ठाम आहेत. त्यांच्या मते नावाने हाक मारण्याचा प्रयोग लेखकाने स्वतःच्या घरी करावा आणि निष्कर्ष निबंधात घालावा. अन्यथा निबंध नाकारावा. आम्ही सहमत आहोत.'

इकडे सोमेश्वरने त्या खुर्चीसाठी उशी शिवायला टाकल्याची बातमी आली. मग काय करता! दुपारी अंगणात उभा राहिलो. सत्यशीला आत होती. लग्नात उखाण्यात तिचं नाव घेतलं होतं, तेवढंच. नंतर गरजच पडली नाही. मी घसा खाकरला.

"सत्यशीला!"

पहिली धावत आली ती शेजारची गोजरबाई! "काय झालं गं माय? पडली का पोरगी? न्हाईतर नवरा असा नावानं कामून वरडंल?" तिच्यामागून अर्धी गल्ली आली. कुणी पाणी आणलं, कुणी जीपवाल्याला फोन लावला!

आणि दारात सत्यशीला येऊन उभी राहिली. हाताला पीठ, कपाळावर ऊन. एक क्षण गल्ली, गोजरबाई, खुर्ची सगळं कुठेतरी विरघळून गेलं. किती सुंदर नाव होतं हो! मी ते परत एकदा घेतलं, अगदी हळू. तिचे डोळे भरून आले. "व्हय," ती म्हणाली. मला त्या म्हाताऱ्या परीक्षकाचे पाय धरावेसे वाटले.

प्रयोग निबंधात घातला. परीक्षक दोन यांनी लगेच कळवलं, 'लेखकात सुधारणा आहे. छापावा.' मी फेट्याच्या रंगाचा विचार करू लागलो.

शेवटचा निरोप आला तेव्हा आम्ही दोघं ओसरीवर बसलो होतो. गंमत म्हणजे दोघांचेही मोबाईल एकदमच वाजले. मी वाचायला लागलो.

'लेखक महोदय, परीक्षक एक यांनी आम्हाला "आमच्या जावयाला किती ताटकळत ठेवता?" असे विचारले आहे. सबब निबंध नाकारण्यात येत आहे. परीक्षक दोन यांच्याबद्दलही आम्ही विचार केला. परंतु ज्यांनी लेखकाला इतके परखडपणे ओळखले, त्यांचा लेखकाशी दुरूनही संबंध नसणार, याची आमची खात्री आहे. त्यांची आम्ही कायम परीक्षक म्हणून नेमणूक करत आहोत.'

मी मान वर केली. सत्यशीला तिच्या मोबाईलवर आलेलं 'कायम परीक्षक' असं प्रशस्तिपत्र बोटांनी मोठं करून बघत होती! धर्मसिंगचं दुकान, कोवळं ऊन, सोनेरी धूळ, "बायकोचं टाक"... सगळं माझ्या डोळ्यांसमोरून सरकलं आणि मी ओसरीवरच मटकन बसलो. म्हणजे बसलेलोच होतो, आणखी खाली बसलो.

खुर्ची सोमेश्वरला गेली, उशीसकट. सत्यशीलाचं प्रशस्तिपत्र धर्मसिंगने रंगीत छापून दिलं. ते आमच्या बैठकीत टांगलंय. शिरड शहापूरहून मसाजीबाबा खास बघायला आले आणि मलाच म्हणाले, "जावईबापू, शिका कायतरी पोरीकडून!"

मी मात्र हिंमत हरलेलो नाही. दुसरा निबंध लिहून काढला आणि परवा, घरातच परीक्षक असताना लांब कशाला जायचं, म्हणून कागद घेऊन तिच्यापुढे बसलो.

"सत्यशीला," मी लाडीगोडीने म्हणालो, "जरा नजर टाकतेस का?"

तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"लेखकानं परीक्षकाशी थेट बोलायचं न्हाई," ती म्हणाली. "पोर्टलवर टाका."