तत्सम स्थळ

सख्ख्या बहिणीला भेटायला जायचं असेल, तर माणसाने तिकीट काढावं, बसमध्ये बसावं आणि जावं. ही पद्धत बरीच जुनी असून तिच्यात आजवर कोणताही दोष आढळलेला नाही. परंतु काकूंचा मुलगा शिकलेला होता. "नुसतं जायचं काय त्यात?" तो म्हणाला. "बघत बघत जा की!" आणि आईवडिलांच्या लग्नाच्या वाढदिवसाला त्याने एका पर्यटन कंपनीची मार्गदर्शकासह सहल त्यांच्या गळ्यात बांधली. सकाळी या शहरातून निघायचं, वाटेतली प्रेक्षणीय स्थळं बघायची, दुपारी एका चित्रपटाच्या सेटला भेट द्यायची आणि संध्याकाळच्या आत बहिणीच्या शहरात पोचायचं. तिथे जुन्या चौकात, घड्याळाच्या मनोऱ्याखाली, प्रवाशांना तासभर मोकळं सोडण्यात येणार होतं.

त्या एका तासासाठी काकू उरलेली सगळी सहल सहन करायला तयार होत्या. मनोऱ्याखाली ताई येणार होती. आईच्या शिवणयंत्रावरून दोघी बहिणींत जो अबोला सुरू झाला तो सहा वर्षं टिकला होता. गेल्या महिन्यात ताईने आपण होऊन फोन केला. "चिमे, ये एकदा," एवढंच म्हणाली आणि ठेवून दिला. ताईच्या मानाने हे फारच झालं. पण ताईचा स्वभाव काकूंना पाठ होता. एकदा तिला ताटकळत ठेवलं, की ती दुसऱ्यांदा वाट बघणाऱ्यांतली नव्हती. अबोला पुन्हा सुरू झाला असता, आणि दोघींची वयं बघता तो संपवायला या वेळी कुणी उरलं नसतं. म्हणून काकूंनी महिनाभर बसून ताईसाठी एक जांभळा स्वेटर विणला आणि तो मांडीवर घेऊनच त्या बसमध्ये बसल्या.

सहलीचे मार्गदर्शक पिवळी टोपी घालत. डोक्याला टोपी आणि तोंडाला ध्वनिक्षेपक, यांखेरीज त्यांचं फारसं काही दिसत नसे. बसमधले सगळे पुरुष त्यांचे काका होते आणि सगळ्या बायका काकू. पहिलं स्थळ किल्ला होतं. बस थांबली तशा काकू चपला सरकवून उठल्या.

"बसा काकू, बसा," टोपीवाले म्हणाले. "हे बाह्यदर्शन आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे किल्ला बाहेर आणि आपण आत."

पत्रकात दर्शनाचे प्रकार दिलेले होते, ते कुणी वाचले नव्हते. बाह्यदर्शनात बस थांबते, पण दार उघडत नाही. धावत्या दर्शनात बसही थांबत नाही. पुढचं तळं हे धावतं दर्शन होतं. "डावीकडे तळं!" अशी घोषणा झाली आणि उजवीकडचे लोक डावीकडच्यांच्या अंगावर पडेपर्यंत डावीकडे सिमेंटचा कारखाना आला. बहुतेकांनी त्याचाच फोटो काढला. संग्रहालयाला त्या दिवशी सुट्टी होती, तेव्हा टोपीवाल्यांनी बंद दाराकडे बोट दाखवून आत काय काय आहे ते तोंडपाठ सांगितलं. कंपनीमान्य विक्रीकेंद्रावर मात्र पूर्ण दर्शन होतं. तिथे उतरणं सक्तीचं होतं, आणि परत चढताना हातात पिशवी नसली तर टोपीवाल्यांचा चेहरा पडायचा. काकूंच्या यजमानांनी, म्हणजे आपल्या काकांनी, नको असलेली एक छत्री घेतली.

या भानगडीत उशीर होत चालला होता. काकू सारख्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होत्या.

"अहो, पोचू ना आपण वेळेवर?"

"कंपनी आहे ना," काका म्हणाले. काकांनी उभी हयात पाणीपुरवठा खात्यात काढली होती आणि वरच्याला माहीत असतं यावर त्यांची निष्ठा होती.

सेट आला तेव्हा दुपार कलली होती. बसमधून उतरताच सगळ्यांच्या तोंडून "अगंबाई!" निघालं. समोर एक आख्खा चौक उभा होता. त्या शहराचा जुना चौक, पन्नास वर्षांपूर्वी होता तसा. मधोमध घड्याळाचा मनोरा, भोवती दुमजली घरं, औषधाचं दुकान, पत्रपेटी. घरांना फक्त पुढची भिंत होती आणि मागून बांबूचे टेकू दिले होते, पण मागे जायला बंदी असल्यामुळे त्याने कुणाचं काही बिघडत नव्हतं. मनोऱ्यावर बसलेली कबुतरं खरी होती. ती बिचारी फसली होती.

टोपीवाल्यांनी ऑफिसला फोन लावला, बराच वेळ "हो सर, हो सर" केलं आणि ध्वनिक्षेपक तोंडाला लावला.

"मंडळी, आनंदाची बातमी! शहरातल्या चौकाची दुरुस्ती चालू आहे. मनोऱ्याला हिरवी जाळी लावलीय आणि रस्ते तुंबलेत. आपल्या लाडक्या प्रवाशांना हा त्रास कंपनी देऊ इच्छित नाही. अटी आणि शर्तींनुसार, 'अपरिहार्य कारणास्तव एखाद्या स्थळाऐवजी तत्सम स्थळ दाखवण्यात येईल.' तेव्हा मंडळी, अभिनंदन! आपण त्या शहरात पोचलेलो आहोत!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनी स्वेटर छातीशी घट्ट धरला.

"अहो, पोचलो काय? शहर अजून तासभर लांब आहे!"

"ते मूळ, काकू. हे तत्सम."

"मला मूळच बघायचंय!"

इथे बसमधले एक व्याकरणाचे मास्तर पुढे झाले. ते निवृत्त असून त्यांना बऱ्याच दिवसांत कुणी काही विचारलं नव्हतं. "बाई, तत्सम म्हणजे मुळात होता तसाच राहिलेला शब्द," त्यांनी समजावलं. "बदलला, झिजला, की त्याला तद्भव म्हणायचं. आता शहर घ्या. ते इतक्या वर्षांत बदललं, झिजलं. म्हणजे ते झालं तद्भव. हा चौक जसाच्या तसा आहे. शुद्ध हवं असेल तर हेच."

हे सर्वांना पटलं. एका अशुद्ध शहरात जाण्याचं आपल्यावरचं संकट थोडक्यात टळलं, याचा आनंद पसरला आणि लोक पत्रपेटीपाशी रांग लावून फोटो काढू लागले.

तेवढ्यात काकूंचा फोन वाजला. ताई होती.

"चिमे, मी केव्हाची येऊन उभी आहे. कुठे आहेस?"

"मनोऱ्याखाली," काकूंच्या तोंडून निघून गेलं.

"मीही मनोऱ्याखालीच आहे. दिसत नाहीस ती!"

"अगं, तसं नाही..."

"समोर काय दिसतंय तुला?"

"औषधाचं दुकान."

"मलाही तेच दिसतंय. मग त्याच्या दारात ये बघू."

"ताई, दारात येता येत नाही गं. दार रंगवलेलं आहे!"

ताई थंड आवाजात म्हणाली, "यायचं नव्हतं तर सरळ सांगायचं होतंस. म्हातारीला उन्हात उभं करून थट्टा कसली करतेस?" आणि फोन बंद झाला. काकूंनी पुन्हा लावला, पुन्हा लावला. ताई उचलेना.

काकूंनी टोपीवाल्यांना गाठलं, हात जोडले. "अहो, माझी बहीण उभी आहे हो तिकडे. गुडघ्यांनी अधू आहे. मला नुसतं नेऊन सोडा."

टोपीवाले मनाने वाईट नव्हते. त्यांनी पत्रक दोनदा चाळलं. "काकू, बहीण कार्यक्रमात कुठेच नाही हो," ते खेदाने म्हणाले. "तरी विचारतो." त्यांनी ऑफिसला फोन लावला. ऑफिसमध्ये ग्राहकसमाधान नावाचा एक विभाग होता आणि त्याच्याकडे उत्तर नाही असं कधी झालेलं नव्हतं. टोपीवाले हसतमुखाने परत आले.

"झालं काम! तत्सम बहीण मिळेल."

"काय मिळेल?"

"स्थळाला तत्सम चालतं, तर व्यक्तीला का नाही, असं सर म्हणाले. कसलाही जादा आकार नाही."

सेटचे व्यवस्थापक हजरच होते. त्यांनी काकूंना आपादमस्तक न्याहाळलं. "थोरली हवी की धाकटी?"

"थोरली," काकांनी मदत केली. "हिला चिमे म्हणते ती." काकूंनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली की ते छत्री उघडून तिच्या आड गेले.

व्यवस्थापकांनी हाक मारली आणि मनोऱ्यामागून एक पांढऱ्या केसांची बाई धावत आली. ती गेली कित्येक वर्षं पडद्यावर लोकांच्या आया आणि सासवा होत आली होती. बहीण तिला फारच सोपी होती. "चिमे! किती गं वाळलीस!" असा टाहो फोडून तिने काकूंना मिठी मारली, त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडली, हातातला स्वेटर ओढून घेतला, डोळ्यांना लावला आणि अंगात घालून पुन्हा रडली. प्रवासी डोळे पुसत होते. मास्तरांना हुंदका आवरेना. दहाबारा मोबाइल एकदम वर झाले.

काकू लाकडासारख्या उभ्या होत्या. त्यांच्या ताईने जन्मात कुणाला मिठी मारली नव्हती. ती भेटली की आधी चूक काढायची, मग पाणी द्यायची. आणि ती ताई या घटकेला उन्हात उभी होती.

"सोडा मला!" काकू ओरडल्या. "माझी बहीण रडत नाही!"

"वा! काय आवाज आहे!" व्यवस्थापक म्हणाले. "पुन्हा एकदा, जरा इकडे बघून?"

"तो स्वेटर द्या माझा!"

स्वेटर मात्र मिळाला नाही. एकदा दृश्यात वापरलेली वस्तू सेटची मालमत्ता होते, असा तिथला नियम होता, आणि तो सांगताना व्यवस्थापकही हळहळले. सेटच्या फाटकाशी एक टेम्पो निघायच्या बेतात होता, शहरातून रंगाचे डबे आणायला. काकू तरातरा गेल्या आणि ड्रायव्हरशेजारी चढून बसल्या.

"अहो, येताय ना?" त्यांनी काकांना विचारलं.

"तू हो पुढे. मी बॅगांपाशी थांबतो," काका म्हणाले. आयुष्यातल्या प्रत्येक कठीण प्रसंगी ते बॅगांपाशीच थांबलेले होते, त्यामुळे काकूंनी वाट बघितली नाही.

खऱ्या चौकात हिरवी जाळी होती, धूळ होती, भोंग्यांनी कान किटत होते. मनोऱ्याखाली कुणी नव्हतं. "काठीवाल्या आजी ना?" औषधाच्या दुकानातला माणूस म्हणाला. "हलायलाच तयार नव्हत्या. शेवटी सून येऊन घेऊन गेली." काकू धावत सुटल्या. साठी उलटलेल्या बाईने धावावं इतक्या जोरात त्या धावल्या. चौकामागच्या गल्लीत ताईचं घर होतं. दार सुनेने उघडलं.

"मावशी? तुम्ही अजून शहरातच? आम्हाला वाटलं, भेट झाली, बस गेलीसुद्धा."

"कुठली भेट?"

"असं काय करता? फोटो आलाय ना!" सुनेने मोबाइल पुढे धरला. टोपीवाल्यांनी तो ग्राहक म्हणून काकूंच्या मुलाला पाठवला होता आणि मुलाने कृतार्थ होऊन कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला होता. दोन बहिणी, मनोरा, अश्रू, जांभळा स्वेटर. खाली नातेवाइकांनी हृदयांचा पाऊस पाडला होता. ताईच्या नातवानेही 'आजी किती गोड!' असं लिहिलं होतं.

आतून काठी आपटल्याचा आवाज आला. "हजारदा सांगितलं, ती बाई मी नव्हे म्हणून!"

सून काकूंच्या कानाशी लागली. "हे असं चाललंय बघा मघापासून. मिठी मारल्याचं आठवतच नाही त्यांना. उद्या डॉक्टरकडे नेणार आहोत."

काकू तिला बाजूला सारून आत गेल्या. ताई खुर्चीत बसली होती. तिने काकूंना वरपासून खालपर्यंत पाहिलं. केसांत टेम्पोतला रंग, पदराला धूळ, एक चप्पल तुटलेली.

"एवढा उशीर? आणि हात हलवत आलीस ना? काय तो अवतार!" ताई म्हणाली. मग सुनेवर खेकसली, "बघत काय बसलीस? पाणी दे तिला!"

काकूंना इतकं बरं वाटलं की त्या मटकन जमिनीवरच बसल्या. मग दोघी बहिणी शिवणयंत्रावरून मनसोक्त भांडल्या. यंत्र आईने कुणाला दिलं होतं हे काही ठरलं नाही, पण भांडता भांडता ताईने आपला हात काकूंच्या गुडघ्यावर ठेवला तो शेवटपर्यंत उचलला नाही.

निघताना काकूंनी हट्टाने फोटो काढायला लावला. त्यात ताईच्या कपाळाला आठ्या होत्या आणि काकूंचे डोळे मिटलेले होते. 'खरी भेट ही,' असं लिहून त्यांनी तो ग्रुपवर टाकला. मुलाने विचारलं, 'आई, या कोण?' एका भाचीने कळवलं, 'मावशी, हा नीट आला नाहीये. मघाचाच ठेव.' बाकी कुणी काही लिहिलं नाही.

मघाचा फोटो मात्र अजून फिरतो आहे. 'सहा वर्षांनी भेटल्या दोघी बहिणी, डोळे पाणावतील' असं काहीतरी त्याखाली कुणीतरी जोडलं आहे. तुमच्याकडेही तो आला होता. तुमचेही डोळे पाणावले, आणि ते पुसत पुसत तुम्ही तो लगेच तुमच्या बहिणीला पाठवून दिलात. ती तुमच्या घरापासून अर्ध्या तासावर राहते.