जुनी भांडणे दुरुस्त करून मिळतील

पुस्तक मुदतीच्या एक दिवस आधी परत करून टाकावं, एवढंच जावककाकांच्या मनात आलं होतं. यात कुणाचं काही बिघडेल असं त्यांना वाटलं नाही. (बिघडून होईपर्यंत त्यांना तसं कधीच वाटत नसे.)

काकांना खरं नाव होतं, पण ते आता फक्त ओळखपत्रावर उरलं होतं. चौतीस वर्षं त्यांनी एका कचेरीच्या जावक विभागात काढली. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर क्रमांक घालायचा, तो वहीत उतरवायचा आणि कागद रवाना करायचा, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर रवाना करायला कागद उरले नाहीत, म्हणून घरात दिसेल ती वस्तू ते वेळेआधी पोचती करू लागले. शेजारणीकडून आलेली वाटी तिनं मागायच्या आत परत जाई, कधी कधी आतला पदार्थ संपायच्या आतसुद्धा.

त्या मंगळवारी काकूंच्या उशाशी वाचनालयाचं पुस्तक दिसलं. रहस्यकथा होती आणि आतल्या चिठ्ठीवर उद्याची तारीख होती. काकू आंघोळीला गेल्या होत्या. काकांनी पुस्तक उचललं, चपला घातल्या, वाचनालयाच्या दाराशी असलेल्या परतीच्या पेटीत ते टाकलं आणि शीळ घालत घरी आले.

"माझं पुस्तक?" काकूंनी विचारलं.

"पोचतं केलं. एक दिवस आधी."

"चाळीस पानं राहिली होती माझी. खुनी कोण ते कळायचं होतं."

"पुन्हा आणू की."

"आणि त्यात खुणेचा कागद होता."

"एवढंच ना? मी दुसरा देतो. विजेच्या बिलाची पावती चालेल?"

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्या क्षणापासून अबोला सुरू झाला. अबोला म्हणजे काकू बोलत नव्हत्या असं नाही. बोलत होत्या, पण भिंतीशी. "ज्यांना चहा हवा असेल त्यांनी करून घ्यावा," असं त्या भिंतीला सांगत, आणि भिंतीला नको असल्यामुळे काका उठत. दुसऱ्या दिवशी त्या भिंतीला एकच वाक्य जास्तीचं म्हणाल्या. "पुस्तक नाही मिळालं तरी चालेल. मला तो कागद हवाय." त्यांचा आवाज जरा कापला. तेव्हा मात्र काका हादरले, कारण काकूंचा आवाज चढलेला त्यांनी पुष्कळदा ऐकला होता, कापलेला फारसा नाही.

काका वाचनालयात धावले. पुस्तक आदल्या दिवशीच दुसऱ्या कुणीतरी नेलं होतं.

"कोणी नेलं?"

"ते आम्ही सांगत नाही, काका," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "उद्या कुणी मला विचारलं, जावककाका काय वाचतात, तर सांगितलेलं चालेल तुम्हाला?"

काकांना चाललं नसतं. (ते फक्त वर्तमानपत्रातलं राशिभविष्य वाचत, तेही स्वतःचं आवडलं नाही तर शेजारच्या राशीचं.)

बाईंनी मग स्वतःच फोन लावून पाहिला. "दोनदा लावला. उचलत नाहीत. पण आपल्या वार्तापत्रात निवेदन देता येईल. अठराशे सभासदांच्या फोनवर जातं ते. फक्त आपलं वार्तापत्र लिहिणाऱ्या बाई मुलीकडे राहायला गेल्यात. तुम्ही लिहाल का या महिन्याचं?"

काकांना वाचनालयाबद्दल माया होती. त्याचं कारणही होतं. निवृत्तीनंतरच्या पहिल्या महिन्यात ते रोज सकाळी तयार होऊन डबा घेऊन निघत आणि कुठे जायचं ते आठवेना म्हणून वाचनालयात येऊन बसत. ग्रंथपालबाईंनी कधी "काय हवंय?" असं विचारलं नाही. खिडकीजवळची खुर्ची तेवढी त्यांच्यासाठी रिकामी राहू लागली. पुढे तिथल्याच ज्येष्ठांच्या मोबाईल वर्गात ते फोनवर बोलून मजकूर लिहायला शिकले. अशा ठिकाणाला नाही कसं म्हणणार?

ते खिडकीजवळ बसले आणि फोनला मजकूर सांगू लागले. लहान मुलांसाठी गोष्टी, शनिवारी चार वाजता. बियाण्यांची पाकिटं काउंटरवर मोफत. शिडी, ड्रिल आणि हेडफोन आता पुस्तकांप्रमाणेच घरी नेता येतील. मग निवेदन आलं. कागद कसा होता हे काकूंनी भिंतीलाही सांगितलं नव्हतं, म्हणून त्यांनी अंदाज केला: "पुस्तकात राहिलेला एक कागद, बहुधा विजेच्या बिलाची पावती, सापडल्यास कळवावे." शेवटी राहिली रविवारची दुरुस्ती-सकाळ. दर महिन्याला एक निवृत्त फिटर आणि एक शिलाईवाल्या मावशी वाचनालयात बसून लोकांच्या मोडक्या वस्तू फुकट नीट करून देत. या वेळी फिटर भांडी दुरुस्त करणार होते.

काकांनी तेही फोनला सांगितलं. अंक आणि तारखा तीन वेळा तपासल्या आणि वार्तापत्र रवाना केलं. चौतीस वर्षांत त्यांचा क्रमांक कधी चुकला नव्हता. क्रमांकाखाली काय लिहिलंय हे बघायचं त्यांचं काम कधीच नव्हतं.

रविवारी सकाळी ते पोचले तेव्हा वाचनालयाबाहेर रांग होती. दुरुस्ती-सकाळला सात माणसं येत. आज साठ तरी होती आणि एकाच्याही हातात भांडं नव्हतं. सगळे जोडीजोडीनं उभे होते, आणि प्रत्येक जोडीतली माणसं एकमेकांकडे पाठ करून उभी होती.

ग्रंथपालबाईंनी फोन पुढे केला. काकांनी वाचलं.

"घरातली जुनी भांडणं घेऊन या. ठोकून सरळ करून मिळतील. गळकी, पोचे आलेली, कितीही जुनी चालतील. वाहून आणणं जमत नसेल तर कळवावे. सेवा मोफत."

"फोनला ऐकू कमी येतं," काका म्हणाले.

"फोनला चांगलं ऐकू येतं, काका. मी शेजारच्याच टेबलावर होते. तुम्ही 'भांडणं'च म्हणालात. मला वाटलं, घरी फोन लावलाय."

आदल्या दिवसापासून डोक्यात एकच शब्द घोळत असल्यावर तोंडातून दुसरा कसा येणार? पोटात असेल तेच ओठावर येतं.

फिटर हातोडी घेऊन बसले होते. "मी हीच आणलीये," ते शांतपणे म्हणाले. "चालेल का?"

"या सगळ्यांना सांगतो, चूक झाली, घरी जा," काका म्हणाले.

ग्रंथपालबाईंनी रांगेकडे पाहिलं. "आपल्या दाराशी एकदम साठ माणसं मी आजवर पाहिलेली नाहीत. आलेल्या माणसाला आम्ही परत पाठवत नाही. बसा तुम्ही. भांडण नोंदवून घ्या आणि क्रमांक द्या."

क्रमांक म्हटल्यावर काकांच्या अंगात आलं. वही उघडली गेली.

पहिले दोघे शेजारी होते. शिडीवरून नऊ वर्षं बोलत नव्हते. एकाची शिडी, दुसऱ्यानं नेली, एक पायरी मोडून आणली.

"मोडलेलीच होती."

"मोडलेली होती तर चढलास कशाला?"

ग्रंथपालबाईंनी आतून वाचनालयाची शिडी मागवली, ती दोघांच्या नावावर मिळून पंधरा दिवसांसाठी दिली आणि सांगितलं की एकानं पुढचं टोक धरायचं, दुसऱ्यानं मागचं. नऊ वर्षांचं भांडण दरवाजातून आडवं बाहेर गेलं. त्यानंतर सासू-सून आल्या. सासूबाईंना पहाटेपासून रेडिओ लागे आणि सुनेला झोप. त्या हेडफोन घेऊन गेल्या. दोन भावांची वडिलांच्या घड्याळावरून धुसफूस होती. ते घड्याळ फिटरनी तिथल्या तिथे चालू केलं, आणि ते इतकं मोठ्यानं ठोके देऊ लागलं की दोघंही एकमेकांना म्हणाले, तूच ठेव.

काका आनंदानं नोंदी करत होते. तेवढ्यात रांगेत त्यांना काकू दिसल्या. एकट्याच होत्या. काकांचा हात थांबला. स्वतःचं भांडण स्वतःच्याच वहीत कसं लिहायचं, ते जावकच्या नियमात नव्हतं.

पण काकूंच्या हातात मूठ निखळलेली किटली होती.

"हे काय?" फिटरनी विचारलं.

"भांडं. भांडी दुरुस्त होणार आहेत ना आज?"

"तुम्ही वाचलं नाही का, फोनवर काय लिहून आलंय ते?"

"वाचलं," काकू फिटरना म्हणाल्या. (काका समोर असले तरी बोलणं फिटरशीच होतं.) "पण यांना काय म्हणायचं असतं ते मला कळतं."

साठ माणसांत एवढं एकाच माणसाला कळलं होतं, आणि ते माणूस आपल्याशी बोलत नाही, हे लक्षात येऊन काकांना फार वाईट वाटलं. ते काहीतरी बोलणार, एवढ्यात एक तरुण जोडपं टेबलाशी आलं. तरुणाच्या हातात घडी घातलेला जुना कागद होता आणि बायकोच्या हातात पुस्तक.

"भांडण बारा दिवसांचं," तरुण म्हणाला. "हिला ऑफिसातलं कुणीतरी चिठ्ठ्या लिहितं."

"बारा दिवस सांगतेय, ही चिठ्ठी पुस्तकात होती," ती म्हणाली. "फोन वाजला तरी संशय घेतो हा, म्हणून फोनच उचलत नाही मी."

"पुस्तकात अशी चिठ्ठी कोण ठेवतं? आणि भाषा बघा, सरळसरळ ऑफिसची आहे." तरुणानं घडी उलगडली आणि वाचलं. "जा.क्र. एक. विषय : परत येण्याबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, तू गेल्यापासून घर फार मोठे झाले आहे."

काकांच्या हातातलं पेन पडलं. तारखेचा कोपरा झिजून गेला होता, पण क्रमांकातला एकचा आकडा त्यांच्या स्वतःच्या हातचा होता.

"हे पत्र मी लिहिलंय," ते म्हणाले.

तरुणानं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही? हिला?"

"हिला नाही. हिला."

"कुठल्या हिला?"

"माझ्या हिला."

"काका, तुमचं वय काय, आणि तुम्ही—"

"ते मला लिहिलंय," मागून काकू म्हणाल्या. त्यांनी किटली टेबलावर ठेवली. "एकेचाळीस वर्षं झाली. लग्न नवीन होतं. मी आईला पत्र लिहीत होते, ते अर्धं असतानाच यांनी पाकिटात घालून टपालात टाकलं. मी रागावून ताईकडे निघून गेले. चौथ्या दिवशी हे आलं."

"मग पुढे काय लिहिलंय ते सांगा," तरुण काकांना म्हणाला.

काकांनी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. त्यांना क्रमांक आठवत होता. विषय आता कळलाच होता.

काकूंनीच म्हणून दाखवलं, कागदाकडे न बघता. "दोन कप चहा करण्याची सवय लागली असून दुसऱ्या कपाचे काय करावे, याबाबत मार्गदर्शन व्हावे. चूक माझी होती. कृपया त्वरित यावे."

शिलाईवाल्या मावशींनी डोळे पुसले. तरुणानं मान खाली घालून बायकोला हळूच काहीतरी म्हटलं, आणि ती म्हणाली, "तेच लेखी दे. क्रमांक घालून." मग ती काकांकडे वळली. "मी ते निवेदन वाचलं होतं. पण तुम्ही विजेचं बिल म्हणालात. हे बिल कसं वाटेल कुणाला?"

काकांना एवढंच कळलं, की आपण आयुष्यात एकदाच काहीतरी धड लिहिलं, ते हिनं एकेचाळीस वर्षं प्रत्येक पुस्तकात घालून फिरवलं, आणि आपण त्याच्या जागी पावती देऊ केली. ग्रंथपालबाईंनी त्यांच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला आणि वहीत स्वतःच लिहिलं, "भांडण क्रमांक सत्तावीस आणि अठ्ठावीस. एकाच कागदाने दुरुस्त."

"चला," काकू म्हणाल्या, आणि या वेळी समोर भिंत नव्हती. "किटली घ्या. आणि ते पुस्तकही माझ्या नावावर करून घ्या. चाळीस पानं राहिलीत."

भांडणांची दुरुस्ती पुढे दर महिन्याला होऊ लागली. (भांड्यांना दुसरा रविवार मिळाला.) पण काकांनी त्या संध्याकाळी आधी आभार मानायचं ठरवलं. वाचनालयाचे मानले, खिडकीजवळच्या खुर्चीसकट. मग त्यांनी कोरा कागद घेतला, वर जा.क्र. दोन घातला आणि तासभर बसून काकूंना पत्र लिहिलं. चूक माझीच होती, हेही लिहिलं. ते त्यांनी हळूच रहस्यकथेत, बरोबर काकूंच्या पानावर ठेवलं.

सकाळी उठून बघतात तो चहाच्या कपाखाली उत्तर होतं.

"आ.क्र. एक. संदर्भ : आपले पत्र जा.क्र. दोन. पत्र मिळाले, फार आनंद झाला. शुद्धलेखनाच्या तीन चुकांना खूण केली आहे. पहिल्या आणि दुसऱ्या पत्रांच्या मध्ये एकेचाळीस वर्षे का गेली, याचा खुलासा सवडीने करावा. मी वाचनालयात जात आहे, दुपारी येईन. तूर्त ओट्यावर कालपासूनची भांडी पडली आहेत, त्यांचा त्वरित निपटारा व्हावा. ('भांडी'च वाचावे.)"

काकांनी मोठ्या आशेनं चष्मा पुसून पुन्हा वाचलं. भांडीच होती.